उंदरांसाठी दुर्बीण

रीपेकामावशीने उभी हयात कत्तलखान्याच्या आतडीखात्यात काढली. वरच्या मजल्यावरून मेंढ्यांची आतडी घसरगुंडीवरून खाली यायची. ती पिळून रिकामी करायची, धुवायची, बादल्यांत निवडून टाकायची, हे तिचं काम. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या भिंतीवर बसून चरबी लावलेला पाव खायची आणि शेजारणीला सकाळच्या आतड्यांचं वर्णन सांगायची. घरी आली की माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, तिला दारातच अडवून पाण्याच्या पाइपाखाली उभी करायची. मावशी हसत गरगर फिरायची आणि विचारायची, "कान पण धुतेस का गं?"

रक्त, शेण, पू, अळ्या, कशालाच तिने कधी नाक मुरडलं नाही. तिला किळस एकाच गोष्टीची होती, जनावर गबाळेपणाने मारण्याची. एकदा वरच्या मजल्यावर एक मेंढी नीट बेशुद्ध न करता पुढे ढकलली गेली आणि पाय झाडायला लागली. मावशी जिना चढून वर गेली आणि लाल बटण दाबून तिने जनावरं पुढे नेणारी सगळी साखळी थांबवली. मुकादम ओरडत आला. ती त्याच्याकडे न बघता मेंढी मारणाऱ्या माणसाला म्हणाली, "तुझ्या हातून जनावर एका फटक्यात जात नसेल, तर हात खिशात घाल आणि घरी जा." हा किस्सा वैरोआ नदीच्या दोन्ही काठांवर अजून सांगतात.

निवृत्त झाल्यावर तिने आमच्या मराएच्या, म्हणजे गावाच्या सभास्थानाच्या, स्वयंपाकघराच्या किल्ल्या घेतल्या. गावातलं मयत असो, लग्न असो, बैठक असो, सगळ्यांचं जेवण तिथेच शिजतं. लाकडी खांबांवर उभी असलेली लांबोडी इमारत, पुढे सभाघर, मागे कोठार आणि त्याच्या मागे कुंपण. मी तिची भाची रोइमाता. मी तिथे कांदे चिरायचे, बटाटे सोलायचे आणि तिची बोलणी खायचे.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. ईस्टरला तिच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण ठरलं होतं. सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ, सगळीकडून माणसं येणार होती. फेब्रुवारीत आमच्याकडचा उन्हाळा उतरायला लागला तशी मावशी मला घेऊन कोठार आवरायला गेली. तिने पिठाचं पोतं उचललं. पोत्याला मागून भोक होतं. त्यातून पीठ सांडलं, आणि पिठाबरोबर उंदराची पिल्लं. गुलाबी, आंधळी, बोटाएवढी, वळवळणारी. भांडी पुसायच्या फडक्यांची लक्तरं करून त्यांचं अंथरूण केलं होतं. बिस्किटांच्या डब्यांवर लेंड्या, साखरेवर मुताचे पिवळे डाग, आणि सगळ्यावर तो वास, आंबूस आणि गोडसर.

मावशी पोतं खाली ठेवून बाहेर गेली आणि कुमाऱ्याच्या, म्हणजे रताळ्यांच्या, वाफ्याशी वाकून ओकली. मी धावले. तोंड पुसून ती म्हणाली, "ह्या पिठाच्या भाकऱ्या आपण परवाच्या मयताला वाढल्या, रोई. म्हाताऱ्या माणसांना वाढल्या. लोणी लावून."

मग ती सावरली. "फावडं आण."

"विष घालू या," मी म्हटलं.

"मागच्या वर्षीचं विसरलीस?"

विसरले नव्हते. मागच्या वर्षी विष घातलं, ते खाऊन उंदीर भिंतीच्या फळ्यांमागे जाऊन मेले. सभाघरात मयत होतं, शेजारच्या गावची माणसं जेवायला बसली होती आणि भिंतीतून सडका वास येत होता. निळ्या माश्या थेट ताटांवर. पाहुण्यांनी हळूच काटे खाली ठेवले. ती लाज मावशीने आजवर गिळली नव्हती. तेव्हा विष नको. चाप लावले, पिंजरे लावले. सुरुवातीला सापडले. मग शहाणे झाले. चापावरचं शेंगदाण्याचं लोणी चाटूनपुसून खायचे आणि चाप तसाच उघडा. एका सकाळी चापात नुसता पाय सापडला. मावशीने तो चिमट्याने उचलला आणि सगळे चाप काढून टाकले.

उपाय आणला पाओरामामाने. तो मावशीचा धाकटा भाऊ. डुकरांचा आणि हरणांचा शिकारी, गावभर मिरवणारा. शिवाय पाहुणे आले की स्वागताच्या बाकावर बसायचा आणि उभं राहून भाषण करायचा मान त्याचा. त्याने गाडीतून एक लांब खोका काढला. "घे ताई, तोफ. दुकानात सेल होता तेव्हा नातवासाठी घेतली होती. त्याला फोनच बरा वाटतो."

छऱ्याची बंदूक होती. स्वस्तातली, नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरायची, आत जाड स्प्रिंग.

"आणि हे उंदीर येतात कुठून रे एवढे?" मावशीने विचारलं.

"नदीकडून. पूर आल्यापासून सगळीकडेच झालेत."

पूर मोठा आला होता हे खरं. कोणी पुढे विचारलं नाही.

मावशी लहानपणी वडिलांबरोबर सशांवर नेम धरायची. ती मागच्या पायरीवर बसली, बंदूक खांद्याला लावली आणि लगेच खाली ठेवली. "मागची खाच दिसते तर पुढची काडी धुरकट. काडी बघावी तर उंदीर धुरकट. माझे डोळे म्हातारे झाले, रोई. मी अंदाजाने मारणार नाही."

"मग दुर्बीण लाव की," मामा म्हणाला. "दुर्बिणीत सगळं एकाच ठिकाणी दिसतं." आणि मोठ्या मनाने त्याने स्वतःच्या हरणाच्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण काढून दिली. "हिने मोठ्या बंदुकीचे दणके खाल्लेत. तुझ्या खेळण्याने हिला काय होणार?"

ती दुर्बीण डोंगरापलीकडच्या हरणासाठी होती. मावशीला उंदीर मारायचा होता पायरीपासून कुंपणापर्यंत. तेवढ्यावर त्यात सगळं दुधाळ दिसायचं. तरी तिने पुठ्ठ्यावर ठिपका काढून छर्रे मारून बघितले. चौथ्या दिवशी तिने डोळा लावला तर आतली नेम धरायची फुलीच मोडून लोंबत होती. स्प्रिंगची बंदूक आधी मागे लाथ मारते आणि लगेच पुढे हिसका देते. मागच्या दणक्यांची सवय असलेल्या दुर्बिणीला तो पुढचा हिसका सोसला नाही.

मामा बराच वेळ दुर्बिणीत बघत राहिला. "ताई, ही माझी सगळ्यात चांगली होती."

"खेळण्याने काय होणार, असं कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो. पण तू ऐकायचं कशाला?"

मग मावशी आणि मी गिझबर्न शहरात गेलो. शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. भिंतींवर दात विचकलेली रानडुकरं, खोक्यांवर कवट्या, रक्ताचे शिंतोडे छापलेले सदरे. जन्मभर रक्तात उभी राहिलेली बाई त्या छापील रक्ताकडे बघून म्हणाली, "हे कशाला विकतात? ज्याला धुवावं लागतं तो अंगावर घालत नाही."

दुकानदार तरुण होता, ड्वेन नावाचा, दाढीला तेल लावलेला. "बोला आंटी, काय मारायचंय?"

"उंदीर. आणि मी तुझी आंटी नव्हे."

"बजेट किती?"

मावशीने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि हातभर लांबीची, पुढे वाटीएवढी काच असलेली दुर्बीण काउंटरवर ठेवली. "चोवीसपट मोठं दिसतं. आत लाल दिवा, हिरवा दिवा. तुमच्या पैशात एवढं कोणी देणार नाही. उंदराच्या मिश्या मोजाल."

"स्प्रिंगच्या बंदुकीवर चालेल? भावाची मोडली."

"कुठल्याही बंदुकीवर चालेल. डोळे झाकून घ्या."

आम्ही घेतली. डोळे झाकूनच घेतली म्हणायचं. मला तो लाल दिवा आवडला होता.

घरी आणून मावशीने ती बसवली. चाक फिरवून चित्र मोठं करावं तर कुंपण म्हणजे नुसतं धुकं. लहान केलं तर जरा दिसायचं, पण मान थोडी हलली की फुली उंदरावरून सरकून खांबावर. तरी तिने पुठ्ठ्यावर नेम बसवला. सकाळी छर्रे ठिपक्यावर लागायचे, संध्याकाळी तळहातभर डावीकडे. दुर्बीण पकडणाऱ्या कड्या दर दणक्याला कणकण मागे सरकत होत्या, ते आम्हाला नंतर कळलं.

ऊन कललं की उंदीर कुंपणाच्या आडव्या फळीवरून एकामागे एक यायचे. त्या संध्याकाळी एक मोठा, लठ्ठ उंदीर फळीवर थांबून तोंड पुसत बसला. मावशीने श्वास रोखला आणि घोडा ओढला.

छर्रा त्याच्या कमरेत बसला. तो खाली पडला आणि किंचाळला. उंदीर असा किंचाळतो हे मला ठाऊक नव्हतं. मागचे पाय मेलेले, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत तो अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या खालच्या पोकळीत शिरला. आत किंचाळत राहिला.

मावशीने बंदूक ठेवली, टॉर्च आणि कोयता घेतला आणि त्या वयात पोटावर सरपटत जमिनीखाली गेली. मी वाकून बघत होते. ओली माती, कोळिष्टकं, जुन्या लेंड्यांचे थर, तेलकट झालेले खांब. ती बराच वेळ आत होती. मग आवाज बंद झाला. ती उंदराला शेपटीने धरून बाहेर आली. केसांत घाण, कोपरं सोललेली.

"मावशी, आंघोळ कर."

"आंघोळीने काय होणार?" ती म्हणाली. "त्या मेंढीवाल्याला मी काय बोलले होते? आणि आज मी काय केलं? थू!" ती खरंच थुंकली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही दाराशी उभ्या होतो. मावशीने दुर्बीण काउंटरवर आपटली नाही, हळू ठेवली. मला त्याचीच भीती वाटली.

"वापरलेली परत घेत नाही," ड्वेन म्हणाला.

"परत घेऊ नकोस. फक्त यातून बघ. त्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं आहे, त्यावरची अक्षरं वाच."

ड्वेनने डोळा लावला. चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. "एवढ्या जवळचं यात नाही दिसत हो. ही लांबच्यासाठी आहे."

"उंदीर काय मला लांबून पत्र लिहितो? काय मारायचंय ते मी तुला पहिल्यांदाच सांगितलं होतं."

"लोक मोठीच मागतात, आंटी..."

"मी मागितली होती? तुझ्या या नळीमुळे एक जनावर माझ्या जमिनीखाली कंबर मोडून ओरडत पडलं होतं. तू त्याच्याजवळ सरपटत गेला असतास? तेल लावलेली दाढी घेऊन?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती खोक्यांवरच्या कवट्या फार लक्ष देऊन बघायला लागली.

"आता असं कर," मावशी म्हणाली. "माझ्या पैशात बसतात तेवढ्या सगळ्या इथे मांड."

ड्वेनने मुकाट मांडल्या. मावशी एकेक उचलून त्या लाल नळकांड्यावर धरायची. दिव्यांची बाजूला. चाकांची बाजूला. एकीतून बघताना तोंड वाकडं करून म्हणाली, "हिच्यात तर आतूनच मोतीबिंदू आहे." शेवटी एक आखूड, साधी दुर्बीण उरली. चारपटच मोठं दाखवणारी, पुढची कडी फिरवली की जवळचंही स्वच्छ करणारी. खोक्यावर लिहिलं होतं की स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीसाठीच बनवली आहे. नळकांड्यावरची बारीक अक्षरंही तिने मोठ्याने वाचली, मान हलवून बघितली, फुली जागची हलली नाही.

"ही पोरांची आहे," ड्वेन पुटपुटला. "मोठीच्या निम्म्या किमतीची."

"मग उरलेल्या निम्म्यात पकड दे. घट्ट. दणक्याने सरकणार नाही अशी."

त्याने एकसंध, जाड पकड काढली. तिच्या पोटात एक खिळा होता, तो बंदुकीवरच्या भोकात बसायचा म्हणजे मागे सरकायचा प्रश्नच नाही. मोठी दुर्बीण त्याने ठेवून घेतली आणि हिशेब तिथेच मिटवला. निघताना म्हणाला, "सॉरी हं." मावशीने न ऐकल्यासारखं केलं. गाडीत बसल्यावर ती आपले हात रुमालाने पुसत राहिली. "त्याला माहीत होतं, रोई. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ घालून पोट भरायचं. शी."

नव्या दुर्बिणीने सकाळचा नेम संध्याकाळी तसाच राहिला, दुसऱ्या दिवशीही तसाच. मग मावशी पायरीवर बसायला लागली. खात्री असली तरच मारायची आणि मारला की तो जागच्या जागी आडवा. हातमोजे घालून उचलायची, खोल पुरायची, हात कोपरापर्यंत धुवायची. कौतुक केलेलं तिला चालायचं नाही. पाओरामामा एकदा म्हणाला, "वा ताई, नेम काय आहे तुझा!" तर म्हणाली, "यात मजा वाटणाऱ्याने माझ्या पायरीवर बसू नये."

पण उंदीर कमी होईनात. मारावे तेवढे नवे यायचे. सगळे तुकतुकीत, पोट सुटलेले. ईस्टर जवळ आला. एका संध्याकाळी ती नुसतीच दुर्बिणीतून बघत होती आणि एकदम म्हणाली, "रोई, तो बघ. तोंडात काय आहे त्याच्या?"

मी डोळा लावला. उंदीर कुंपणाच्या पलीकडून येत होता. तोंडात एक पट्टी होती, काळसर, तिच्यावर राठ केस.

"कातडं आहे," मावशी म्हणाली. "डुकराचं." कातडं तिला लांबूनही कळायचं. "आणि तो नदीकडून आला नाही."

तिने दुर्बीण हळूहळू मागे सरकवली. कुंपणापलीकडे गवतात जुनी सिमेंटची पाण्याची टाकी होती, नवी आल्यापासून बंद पडलेली. टाकीच्या खालच्या फुटक्या नळातून अजून एक उंदीर बाहेर आला. मग अजून एक.

आम्ही गवतातून गेलो. जवळ जाताच गुणगुण ऐकू आली, आत एखादं यंत्र चालू असल्यासारखी. दोघींनी मिळून झाकण सरकवलं. माश्यांचा लोट तोंडावर आला. खाली काळं पातळ होतं आणि ते हलत होतं. त्यात डुकरांची मुंडकी, बरगड्या, फुगलेली पोटं, आणि त्यावरून उंदीर धावत होते, एकमेकांना चावत, घसरत, पुन्हा चढत. वास असा की माझे डोळे गळायला लागले. मी गवतात बसले. मावशी उभीच होती. आत वाकून तिने नीट बघून घेतलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "गावात डुकरं मारणारा एकच आहे."

मामा घरी पाय खुर्चीवर टाकून बसला होता. तिने दारातूनच विचारलं, "टाकी कधीपासून भरतोयस?"

त्याने पाय खुर्चीवरून खाली घेतले. मग म्हणाला, "एकदाच टाकलं होतं ताई. मग..."

"मग?"

"गुडघा गेलाय माझा. डोंगरावरून डुक्कर कसंबसं आणतो. खड्डा खणवत नाही. उघड्यावर टाकलं तर कुत्री गावभर ओढत नेतात. म्हटलं, तिथे कोण बघतंय."

"गुडघा गेलाय तर सांगायचं."

"काय सांगायचं? पाओराला आता डुक्कर पुरता येत नाही म्हणून?"

"आणि नदीकडून येतात म्हणालास. मी पिठाचं पोतं उचललं तेव्हा तू शेजारी उभा असतास तर बरं झालं असतं. मी ओकले, पाओरा. त्या जमिनीखाली सरपटले. तू बंदूक आणून दिलीस, दुर्बीण दिलीस, सगळं दिलंस, फक्त खरं दिलं नाहीस." तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्या बहिणीच्या दगडाला येणाऱ्या माणसांनाही मी त्या टाकीतलंच वाढलं असतं. तूच वाढायला लावलं असतंस. मला तुझी किळस येते."

मामाचा चेहरा पडला. मी कधी त्याला असं बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, एवढं तरी म्हणू नकोस." ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा खोदायचा ट्रॅक्टर आणला. डोंगरउतारावर खोल खड्डा झाला. टाकी रिकामी करायचं काम मावशीने मामाकडून करून घेतलं; तो एक पाय ओढत, तोंडाला फडकं बांधून राबला. ती स्वतःही उतरली आणि त्याच्या दुप्पट वेगाने बादल्या भरत राहिली. कामापुरतं बोलायची. "इकडे दे." "खाली धर." आतडी कशी गुंडाळून उचलायची ते तिने त्याला एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर दाखवलं नाही. टाकी फोडून टाकली. कोठार उकळत्या पाण्याने धुतलं, पीठ, साखर, फडकी सगळं जाळलं. पुढच्या काही संध्याकाळी उंदीर सैरावैरा कुंपणावर येत राहिले. मावशी पायरीवर बसून होती. मग फळी रिकामी राहायला लागली.

मराएच्या बैठकीत तिने काही सांगायच्या आधी मामाच उठला आणि त्याने सगळं सांगितलं. गुडघ्याचंही. कोणी हसलं नाही, कोणी पाठही थोपटली नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "आम्ही त्या भाकऱ्या खाल्ल्या रे."

ईस्टरच्या शनिवारी आईच्या दगडावरचं पांघरूण काढलं. मी रडले, मावशी दगडाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलत होती. ऑस्ट्रेलियाहून आलेली माणसं सभाघराकडे आली तेव्हा स्वागताच्या बाकावर मामा नव्हता. त्याच्या जागी दुसरा कोणी उभा राहून बोलला आणि ठीकठाक बोलला. पाहुणे विचारत होते, पाओरा कुठे आहे? जेवण वाढलं गेलं, हांगीच्या, म्हणजे तापल्या दगडांवर जेवण शिजवायच्या, खड्ड्यातून काढलेलं मेंढीचं मांस, कुमारा, वाफाळलेल्या भाकऱ्या. सगळ्यांनी दोन-दोनदा घेतलं.

मी खरकटी ताटं घेऊन मागे गेले तर मामा मोरीवर होता, पाय स्टुलावर टेकवून, बाह्या वर करून भांडी घासत. तिथे एरवी पोरी असतात. मावशीने चरबीने थबथबलेला भला मोठा ट्रे त्याच्यासमोर ठेवला. त्याने घासून पुढे सरकवला. तिने तो उजेडात तिरपा धरून बघितला, कोपऱ्यात बोट फिरवलं आणि परत पाण्यात टाकला.

"चिकट आहे," ती म्हणाली.

"हो ताई," मामा म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.